दोन कंपन्या एक झाल्या, टीम मात्र अजून दोनच आहेत. काय करू?

कातरवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले दोन आठवडे हा धागा काढू की नको असं चाललं होतं. आज काढतेच, कारण कालची मीटिंग डोक्यातून जात नाहीये.

मी एका कंपनीत ग्राहकसेवा विभाग सांभाळते. पाच महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीने एक लहान कंपनी विकत घेतली. नावं देत नाही. त्यांचा सपोर्ट विभाग आमच्यात मिसळला आणि सगळा मिळून माझ्याकडे आला. आता आम्ही २२ जण आहोत. आमच्याकडचे १३, त्यांच्याकडचे ९. यातले ४ जण कायम रात्रपाळीला असतात, ३ जण पूर्णवेळ घरून काम करतात. एका सहकाऱ्याला ऐकू येत नाही. तो ओठांवरून बोलणं समजून घेतो आणि चॅटवर आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर लिहितो. एक सहकारी नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. ती गेली तेव्हा एक कंपनी होती, आली तेव्हा वेगळीच. तिच्या शेजारी बसणारं कोणीच आता तिच्या शेजारी नाही.

वर 'आमच्याकडचे' आणि 'त्यांच्याकडचे' असं मीच लिहिलंय, हे वाचून पाहिल्यावर लक्षात आलं. खोडत नाही. दुखणं तेच आहे.

कालची मीटिंग नव्या तिकीट-प्रणालीची होती (ग्राहकाची प्रत्येक तक्रार आम्ही 'तिकीट' म्हणून जिथे नोंदवतो ती). दोन्हीकडच्या जुन्या प्रणाली दोन महिन्यांत बंद होणार आणि सगळे नव्या एकीवर जाणार. मी दीड तास समजावून सांगितलं, शेवटी विचारलं, "कोणाला काही शंका?" कोणीही बोललं नाही. मला वाटलं, चला, पटलं सगळ्यांना. जागेवर येऊन बसते तोवर एका सहकारीने येऊन तिच्या फोनवरचा ग्रुप दाखवला. त्यांच्या जुन्या कंपनीचा ग्रुप अजून चालू आहे. त्यात शंकांचा पाऊस पडला होता. एकाने लिहिलं होतं, "तिथे विचारून काय होणार, ठरलंय सगळं आधीच." नंतर कळलं की आमच्याकडच्या जुन्या मंडळींचाही वेगळा ग्रुप आहे आणि तिथेही हेच चाललंय. फक्त त्या ग्रुपमध्ये मी नाही.

संध्याकाळी ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याचा मेसेज आला. "आज तुम्ही खिडकीसमोर उभ्या होतात. मागून ऊन येत होतं, तुमचा चेहरा मला काळा दिसत होता. काय ठरलं ते कोणी लिहून देईल का?" दीड तास तो आमच्यात बसून होता. मधे सगळे हसले तेव्हा तोही हसला होता, मी पाहिलं होतं. आपण काय करून बसलो असं झालं मला.

आणखी एक उदाहरण देते. तीन आठवडे दोन गटांत 'तिकीट बंद केलं' यावरून धुसफूस चालू होती. आमच्याकडचे म्हणत, ते लोक काम न करताच तिकिटं बंद करतात. त्यांच्याकडचे म्हणत, हे लोक कामं लोंबकळत ठेवतात. शेवटी बसून बोललो तेव्हा कळलं की आमच्यात 'बंद' म्हणजे ग्राहकाने "हो, झालं" असं कळवल्यावर. त्यांच्यात 'बंद' म्हणजे आपण उपाय करून उत्तर पाठवलं की. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

सहल, खेळ, ओळख करून देण्याचे कार्यक्रम, सगळं करून झालं. त्या दिवशी लोक मोकळे होतात, सोमवारी परत आपापल्या कोपऱ्यात. वरून 'आपण एक कुटुंब आहोत' अशा मेल येतात आणि त्याने उलट चिडचिड होते, कारण विलीनीकरणानंतर त्यांच्याकडच्या दोघांना काढलं गेलं. आणखी कोणी जाणार का, हे मला खरंच माहीत नाही आणि लोक मला रोज डोळ्यांनी तेच विचारतात.

माझ्या हातात दोन महिने आहेत. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'संवाद वाढवा' असं नका सांगू, तेवढं मलाही कळतंय.

---

पलीकडचा

मी दोनदा विकल्या गेलेल्या बाजूला होतो, म्हणून तिकडून कसं दिसतं तेवढंच सांगतो.

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर नव्या प्रणालीतली माझी रुजू तारीख. मी ११ वर्षं तिथे काम केलं होतं. विलीनीकरणानंतर माझ्या नावापुढे विक्रीच्या दिवसाची तारीख आली. पगारावर, रजेवर काही परिणाम झाला नव्हता. पण प्रोफाइल उघडलं की दिसायचं, सेवा : ३ महिने. मी तीनदा विनंती केली. उत्तर आलं, 'तांत्रिक कारणाने बदलता येत नाही.' शेवटी सोडून दिलं. ती कंपनीही सोडली, पण त्याला दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात मी मनापासून असं काही केलं नाही.

दुसरी गोष्ट आमच्या फोल्डरांची. एका शुक्रवारी ती 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवली. त्यात आमची पाळीबदलाची तपासणी-यादी होती, ८ वर्षं घासूनपुसून तयार केलेली. एक पाळी उठताना दुसरीला काय काय सांगून जायचं, याची. विकत घेणाऱ्यांकडे असं काही नव्हतंच. कोणी विचारलं असतं तर आम्ही आनंदाने दिली असती. पण आमच्याकडे काही चांगलं असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही.

तर कातरवेळ, तुमच्या त्या ९ जणांना एकदा विचारा, 'तुमच्याकडचं असं काय होतं जे आमच्यापेक्षा चांगलं होतं?' आणि त्यातली एक तरी गोष्ट खरोखर वापरात आणा. मन राखायला म्हणून नको. लोकांना ते लगेच कळतं.

आणि रुजू तारखा तपासा. आजच.

---

ऐकून_वाचणारा

मला दिसत नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून काम करतो, सॉफ्टवेअर चाचणीत १२ वर्षं आहे. तुमच्या टीममध्ये दृष्टिहीन कोणी आहे असं तुम्ही लिहिलं नाही, तरी नव्या प्रणालीबद्दल लिहितो. प्रणाली बदलते तेव्हा आमच्यासारख्यांच्या पायाखालची जमीन कशी सरकते ते बाकीच्यांना सहसा कळत नाही.

जुन्या प्रणालीत माझी बोटं आपोआप चालायची. कुठला रकाना कितव्या टॅबनंतर येतो ते पाठ होतं. नवी आली त्या दिवशी कानात फक्त 'बटण, बटण, बटण' ऐकू आलं. बटणांना नावंच दिली नव्हती, नुसती चित्रं होती. प्रशिक्षण देणारा पडद्याकडे बोट दाखवून म्हणत होता, "इथे क्लिक करा, मग इथे." तातडीची कामं लाल, साधी हिरवी. मला अर्थातच दोन्ही सारखीच. पण माझ्या शेजारच्यालाही लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. इतकी वर्षं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

संकेतस्थळं आणि सॉफ्टवेअर सर्वांना वापरता यावीत यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात अगदी साध्या गोष्टी आहेत. सगळं काम नुसत्या कीबोर्डवर करता आलं पाहिजे. कुठलीही माहिती केवळ रंगातून द्यायची नाही. साध्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान ४.५ : १ इतका उजळपणातला फरक हवा. पुरवठादाराला लेखी विचारा की तुमची प्रणाली यात कुठे बसते. आणि त्याच्या उत्तरावर थांबू नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, आज जगभर वापरला जातो. तो लावा, पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि एक तिकीट नोंदवून बंद करून दाखवा. तासाभरात जे कळेल ते शंभर पानी अहवालात कळणार नाही.

हे सगळं प्रणाली सुरू होण्याआधी करा. एकदा सुरू झाली की प्रत्येक दुरुस्ती 'पुढच्या आवृत्तीत' जाते आणि ती पुढची आवृत्ती कधी येत नाही.

तुमच्या ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याबद्दल मी काय सांगणार, त्यालाच विचारा. मला जे मित्र सांगतात ते असं : बैठकीचा मसुदा आदल्या दिवशी लेखी हवा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, एका वेळी एकाने बोलावं. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर भिस्त ठेवू नका. आपण एका वाक्यात दोन भाषा मिसळतो तेव्हा ती भलतंच काहीतरी लिहितात. आणि सगळे हसतात तेव्हा हसणं मलाही चांगलं माहीत आहे. फार दमवणारं असतं ते.

---

रात्रपाळी

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे.

आमच्याकडे मोठा बदल जाहीर झाला दुपारी ४ वाजता. आम्ही तेव्हा झोपलेले असतो. रात्री आलो तर एक तास २० मिनिटांचं रेकॉर्डिंग मेलमध्ये होतं. शेवटच्या २० मिनिटांत दिवसवाल्यांची प्रश्नोत्तरं. आमचे प्रश्न? 'मेलवर पाठवा.' मेलला उत्तर आलं ९ दिवसांनी.

एकच मागणं. तुमच्या त्या ४ जणांसाठी वेगळी बैठक घ्या, त्यांच्या वेळेत, आणि स्वतः जा. रेकॉर्डिंग पाठवू नका. जमलं तर पहिली बैठक त्यांची घ्या, दिवसवाल्यांची नंतर. एकदा तरी बातमी आमच्याकडून दिवसपाळीला कळू दे.

---

जुनी_वही

कातरवेळ, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी २६ वर्षं कामकाज विभागात काढली, त्यात चार मोठे बदल पाहिले, दोन माझ्या हातून झाले. पहिला मी बिघडवला होता. तेवढ्या अधिकाराने लिहिते. प्रतिसाद लांबेल.

तुम्ही विचारलंत, "कोणाला काही शंका?" आणि शांतता पसरली. ती शांतता म्हणजे होकार असं आपण धरून चालतो. एमी एडमन्सन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. तिची अटकळ होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. ज्या टीम चांगल्या मानल्या जात होत्या तिथे चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर तिला दिसलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. बाकी ठिकाणी लोक गप्प बसत होते. पुढे १९९९ साली तिने याच धाग्यावर मानसिक सुरक्षिततेबद्दलचा, म्हणजे टीममध्ये न घाबरता बोलता येण्याबद्दलचा, शोधनिबंध लिहिला. माझ्या विभागातून तक्रारी येत नाहीत म्हणून मी एकेकाळी खूश असायचे. हे वाचलं तेव्हा मला माझी ती खुशी आठवली आणि लाज वाटली.

म्हणून पुढच्या बैठकीत 'शंका आहेत का' असं विचारू नका. प्रत्येकाला कागद द्या, घरून काम करणाऱ्यांना फॉर्म द्या, आणि असं विचारा : 'ही नवी प्रणाली सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय बिघडेल असं तुम्हाला वाटतं?' काय बिघडेल हे विचारलं की सांगणाऱ्यावर कुरकुऱ्या म्हणून शिक्का बसत नाही, तो जाणकार ठरतो. नावाशिवाय लिहू द्या. मग सगळे मुद्दे सगळ्यांसमोर वाचा, न आवडणारे आधी.

आता खरा मुद्दा. प्रणाली निवडून झाली आहे, ते तुमच्या हातात नाही. पण ती कशी वापरायची हे अजून ठरलेलं नाही ना? ते त्यांच्यावर सोडा. १९४८ साली लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरायचं आणि लोक नोकरी सोडायचे. त्यांनी एका गटाला नेहमीसारखं सांगितलं : बदल हा आहे, कारण हे आहे, उद्यापासून करा. त्या गटातले १७ टक्के लोक ४० दिवसांत सोडून गेले आणि उरलेल्यांचं काम वर आलंच नाही. दुसऱ्या गटांना पद्धत बसवण्यातच सामील करून घेतलं, प्रत्येकाला. त्यांचं काम थोडं घसरून लगेच सावरलं आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. त्या ४० दिवसांत तिथून एकही माणूस गेला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : पहिल्या गटातल्या उरलेल्या लोकांना काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून, या वेळी सामील करून घेत, नवं काम दिलं, तर तेही झपाट्याने सावरले. म्हणजे माणसं तीच होती. तुमचा 'त्यांच्याकडचा' अबोल माणूस अबोल आहेच असं नाही.

तर 'बंद'चं भांडण तुम्हाला वाट दाखवून गेलंय, ती सोडू नका. दोन्हीकडच्या दोघादोघांना बसवा, रात्रपाळीचा एक आणि घरून काम करणारा एक त्यात हवाच, आणि अशा शब्दांची यादी करायला सांगा. 'तातडीचं' म्हणजे किती तासांत? 'वर पाठवणे' म्हणजे कोणाकडे? 'ग्राहकाला कळवलं' म्हणजे फोन की मेल? नव्या प्रणालीत हे शब्द भरावेच लागणार आहेत. ते कोणीतरी मुख्यालयात बसून भरण्याऐवजी या लोकांना भरू द्या. एकत्र बसून शब्द ठरवताना माणसं जशी जवळ येतात तशी सहलीत येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सहलीत गप्पा होतात. कामात मात्र एकमेकांची अक्कल दिसते, आणि त्यातून आदर येतो.

आता मी बिघडवलेल्या बदलाबद्दल. १६ जणांची माझी टीम जागेअभावी दोन मजल्यांवर विभागली. मला वाटलं, एक जिना तर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की अभियंते बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की आपसांत बोलणं फार झपाट्याने कमी होतं. अगदी तीस-पन्नास मीटरांवर ते जवळजवळ थांबतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांत 'वरचे' आणि 'खालचे' झाले. वर एक वयस्कर सहकारी होते, कमी बोलणारे. ते माझ्या पुनर्रचनेच्या यादीत दुसऱ्या विभागात जाणाऱ्यांत होते, कारण कागदावर त्यांचं काम सगळ्यात थोडं दिसत होतं. ते गेले आणि दोन आठवड्यांत सगळंच अडायला लागलं. मग मी एकेकाला विचारत गेले, "तुम्ही अडलात की कोणाला विचारायचात?" १६ पैकी ११ जणांनी त्यांचं नाव घेतलं. वरच्यांनी घेतलं, खालच्यांनीही घेतलं. दोन मजल्यांना जोडणारा जिना तो माणूस होता आणि मी त्याला उचलून बाहेर ठेवला होता.

तेव्हापासून कुठलाही बदल करायच्या आधी मी हा एक प्रश्न सगळ्यांना विचारते : अडल्यावर कोणाकडे जाता, तीन नावं सांगा. कागदावर बाण काढते. तो कागद कोणालाही दाखवत नाही, फाडून टाकते, आणि तसं आधी सांगते. कोणाला बाण येत नाहीत आणि कोणाकडून बाण जात नाहीत, ते बघा. दुसरं जास्त काळजीचं. ज्याच्याकडून एकही बाण निघत नाही तो अडल्यावर एकटाच झुरत बसलेला असतो. तुमची रजेवरून परतलेली सहकारी तिथे सापडेल असं मला वाटतं, कारण तिचे बाण जिथे जायचे ती माणसंच आता तिच्याजवळ नाहीत. तिला 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. कोणा एकाला नेमून द्या की पहिले चार आठवडे रोज अर्धा तास हिच्यासोबत बसायचं, आणि तेवढं काम त्या माणसाच्या अंगावरून काढा. कामाच्या वर आणखी काम म्हणून दिलेली मदत आठवड्याभरात आटते.

त्या दोन वेगळ्या ग्रुपांबद्दल : बंद करायला सांगू नका, तुम्हाला त्यात घ्या असंही म्हणू नका. विकली गेलेली माणसं जुन्या ग्रुपमध्ये दुःख करतात. करू द्या. फक्त कामाचा निर्णय तिथे होणार नाही एवढं बघा. निर्णय जिन्यात झाला, फोनवर झाला, कुठेही झाला तरी त्याच दिवशी एका ठरलेल्या ठिकाणी दोन ओळींत लिहायचा. काय ठरलं, कोणी ठरवलं, का ठरवलं. ही एक सवय लागली तर ऐकू न येणारा, रात्रीचा, घरचा आणि रजेवरचा, चौघांचं काम एकदम होतं. सगळ्यात आधी तुम्ही लिहायला लागा.

कपातीबद्दल. तुम्हाला माहीत नाही तर 'माहीत नाही' असंच म्हणा, पण तिथे थांबू नका. काय माहीत आहे, काय नाही, आणि पुढची खबर मी तुम्हाला कोणत्या तारखेला देईन, तेही सांगा. त्या तारखेला सांगायला काही नसलं तरी उभं राहून 'आज काही नाही' असं सांगा. 'तसं काही होणार नाही, काळजी करू नका' हे मात्र चुकूनही तोंडून जाऊ देऊ नका. मी एकदा म्हणाले होते. तीन महिन्यांनी चौघं गेले. उरलेल्यांनी त्यानंतर माझं कुठलंच वाक्य पूर्ण खरं मानलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं. आणि जे दोघं गेले त्यांचं नाव टीममध्ये निघतं का? की ते कधी नव्हतेच असं वागणं चाललंय? जाणाऱ्याला कसं वागवलं हे राहणारा फार बारकाईने बघत असतो.

---

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेतीन आठवड्यांनी परत लिहितेय. मुद्दाम थांबले, नुसतं 'छान प्रतिसाद' लिहून निघून जायचं नव्हतं.

पलीकडचा, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी नऊच्या नऊ जणांची प्रोफाइलं उघडली. सगळ्यांची रुजू तारीख एकच होती, विक्रीची. माहिती-तंत्रज्ञान विभागाने मलाही 'तांत्रिक कारण' सांगितलं. मी पाठ सोडली नाही. पाच दिवस लागले. १४ वर्षांच्या सेवेचा एक माणूस आहे, त्याला मी सांगितलं की बघा जरा प्रोफाइल. त्याने उघडलं, मान हलवली, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून त्यांच्याकडची पाळीबदलाची नोंद-वही घेऊन आला. हो, त्यांच्याकडेही होती. आता ती सगळे वापरतात.

शब्दांची यादी २ तासांत होईल असं वाटलं होतं, ४ बैठका लागल्या. १४ शब्द निघाले. 'बंद'चे दोन टप्पे केले : 'उत्तर दिलं' आणि 'ग्राहकाने मान्य केलं'. 'तातडीचं'वरून तर खडाजंगी झाली, पण ती माझ्यासमोर झाली, ग्रुपवर नाही. मला त्याचाच आनंद झाला.

काय बिघडेल, या प्रश्नावर २२ जणांकडून ३७ मुद्दे आले. त्यातला एक असा की नव्या प्रणालीत रात्री २ वाजता देखभालीसाठी अर्धा तास सगळं बंद राहणार होतं. निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणीही रात्री २ वाजता जागं नसतं, म्हणून कोणाला सुचलं नाही. वेळ अजून बदललेली नाही, पुरवठादाराशी बोलणं चालू आहे. कीबोर्डची चाचणी आम्ही केली, माउस काढून ठेवून. तिकीट नोंदवता आलं, बंद करता आलं नाही. ऐकून_वाचणारा, तेही त्यांना लेखी कळवलंय.

बाण काढायचं काम अर्धवट आहे. घरून काम करणाऱ्या तिघांपैकी दोघांनी नावं द्यायला नकार दिला. विश्वास बसायला वेळ लागेल, मी रेटलं नाही. रजेवरून आलेल्या सहकारीबद्दल जुनी_वही तुमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. तिच्याकडून एकही बाण नव्हता. आता तिच्याबरोबर त्यांच्याकडची एक सहकारी रोज बसते, आणि तिची रोजची ६ तिकिटं मी दुसरीकडे वळवली आहेत.

कपातीचं वरून काहीच ठरून येत नाहीये. दर सोमवारी उभी राहून तेच सांगते. गेल्या सोमवारी बोलून झाल्यावर एकाने राजीनामा दिला. म्हणाला, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला ठरवता आलं." वाईट वाटलं. अजूनही वाटतंय. खरं बोलल्यावर माणूस जाऊही शकतो, याची तयारी मी केली नव्हती. त्याला सगळ्यांनी मिळून निरोप दिला आणि आधीच्या दोघांनाही त्या दिवशी बोलावलं होतं. एकच आला.

मी आता खिडकीसमोर उभी राहत नाही. परवाच्या बैठकीत तिघं एकदम बोलायला लागले तेव्हा आपल्या ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याने टेबलावर दोनदा हात आपटला आणि मोठ्याने म्हणाला, "एकेक जण." त्याचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला. सगळे थांबले. मग त्यानेच ठरवलं कोण आधी बोलणार ते.

रात्रपाळी, तुमच्यासाठी : येत्या मंगळवारी रात्री साडेदहाला त्या चौघांसोबत बैठक आहे, दिवसपाळीच्या आधी. सोमवारी जे विचारतील त्यांना मी सांगणार आहे, यावेळची बातमी रात्रीवाल्यांना विचारा.